बुडीत बँक

आम्ही रत्नागिरीकर. समुद्र उंबऱ्याशी, सह्याद्री पाठीशी. तरी यंदाच्या रजेत अंदमानला जायचंच, असा सौ.नं ठराव मांडला. ‘अहो, तिथं प्रवाळ आहे, घनदाट अरण्य आहे!’

म्हटलं, ‘प्रवाळ मालवणलाही आहे. तिथला समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. अरण्य आंबोलीला, जळवा फुकट.’

‘मालवण? तिथं तर आमची आत्या राहते!’

इथंच आपलं चुकतं. जिथं आत्या राहते तिथं निसर्ग असूच शकत नाही, ही आपली ठाम समजूत. विजयदुर्गापासून १०० किलोमीटरहून अधिक दूर भर समुद्रात, कमीत कमी २० मीटर पाण्याखाली, प्रवाळाचं एक पठार आहे. कान्होजी आंग्ऱ्यांवरून त्याचं नाव ‘आंग्रिया बँक’. वीस वर्षं बँकेत खर्डेघाशी करून मला ही बुडीत बँक ठाऊक नव्हती!

आणि मालवणला जातात ते तरी काय करतात? नाकाडोळ्यांवर काच, तोंडात नळी, आणि फोटोसाठी थेट प्रवाळावर उभे! अहो, तो दगड नव्हे, जीव आहे. त्याच्या काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. इतक्या कमी व्याजानं शतकभर साचलेली ठेव आपण एका टाचेनं मोडतो. मुदतीआधी ठेव मोडली तर बँक निदान मुद्दल परत देते. समुद्र देत नाही.

आम्ही मालवणला चाललोय. उतरू आत्याकडे, तरंगू पाण्यावर, पाय मात्र वर. अंदमानात कुणाची आत्या असेल, तर तिच्या भाच्यांनीही पाय सांभाळावेत.