दोष फाइल सिस्टीमचा नव्हता! लिनक्स ४.१९ मध्ये डेटा का खराब होत होता?

लिनक्स कर्नल ४.१९ वर अपडेट केल्यानंतर काही जणांच्या फाइल्स आपोआप खराब होऊ लागल्या. एरर दाखवत होती ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम, म्हणून संशयही आधी तिच्यावरच गेला. डिसेंबर २०१८ मध्ये खरं कारण सापडलं: चूक तिच्या खालच्या थरात, ब्लॉक लेयरमध्ये होती.

नेमकं काय होत होतं?

तुम्ही फाइल सेव्ह केली की तिची रिक्वेस्ट ब्लॉक लेयरमधून डिस्कच्या ड्रायव्हरकडे जाते. ४.१९ मध्ये वेग वाढवण्यासाठी एक बदल झाला. आय/ओ शेड्युलर ‘नन’ असेल आणि हार्डवेअरची रांग मोकळी असेल, तर रिक्वेस्ट थेट ड्रायव्हरकडे द्यायची. ड्रायव्हर ‘बिझी’ म्हणाला, तर ती नेहमीच्या रांगेत ठेवून नंतर पुन्हा पाठवायची.

गडबड इथेच होती. पहिल्या प्रयत्नातच स्कझी लेयरने मेमरीतला कोणता डेटा न्यायचा याची यादी बनवलेली असायची. साटा डिस्कही लिनक्समध्ये याच लेयरमधून चालतात. रांगेत थांबलेल्या रिक्वेस्टमध्ये शेजारच्या ब्लॉकची दुसरी रिक्वेस्ट मर्ज व्हायची. रिक्वेस्ट मोठी झाली, यादी मात्र जुनीच!

समजा, दहा पोत्यांची बिल्टी फाडली, पण टेम्पोत जागा नाही म्हणून माल गोदामात परत आला. तिथे त्याच गावची आणखी पाच पोती त्यात घातली. पुढच्या टेम्पोत जुन्या बिल्टीप्रमाणे दहाच चढली आणि वहीत नोंद झाली पंधराची. उरलेल्या पाचांची कुणी चौकशीही करणार नाही. डेटाचंही तसंच झालं.

उपाय काय केला?

ब्लॉक लेयर सांभाळणाऱ्या जेन्स ॲक्सबो यांनी दुरुस्ती केली. थेट पाठवून परत आलेली रिक्वेस्ट आता वेगळ्या डिस्पॅच यादीत जाते, तिथे मर्ज होतच नाही. ही दुरुस्ती ४.१९.८ आणि ४.२०-आरसी६ मध्ये आली आहे.

‘पुन्हा पाठवा’ हे वाटतं तितकं सोपं काम नाही. पहिल्या प्रयत्नाचं काय शिल्लक राहिलंय, हे आधी बघावं लागतं.

तुमच्याकडे ४.१९.८ च्या आधीचं ४.१९ असेल, तर लगेच अपडेट करा. पण अपडेटमुळे आधीच खराब झालेल्या फाइल्स परत येणार नाहीत. त्यासाठी जुना बॅकअपच हवा, तेव्हा तो इतक्यात पुसू नका.