सामान्य बुद्धी किती सामान्य?

तहान सर्वांना सारखीच लागते व पाणी कोणाच्याही स्पर्शाने बाटत नाही, हे समजण्यास पदवीची आवश्यकता नाही. नेकनूरच्या अवर्षणग्रस्त परिसरात तर पाण्याचे मोल लेकरेही जाणतात. तथापि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा गुराढोरांनी न बाटणारे ते तळे माणसाच्या ओंजळीने बाटले असे स्पृश्यांनी ठरविले आणि शेण-गोमूत्राने त्याची शुद्धी केली! अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादि रूढी सिद्ध होत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय होण्यास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला.

तात्पर्य, बहुसंख्यांची समजूत म्हणजे सामान्य बुद्धी नव्हे. केवळ परंपरा म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या, हाच तथागतांनी कालामांना केलेला उपदेश होय. बंधुभगिनींनो, हा निकष प्रथम आपल्याच उंबरठ्याच्या आत लावा. आजारी लेकराला दवाखान्याऐवजी अंगारा आणि मुलीला शाळेऐवजी लवकर लग्न, हे घरात उरले असेल तर आपली धम्मदीक्षा अद्याप अपुरीच आहे.