करजगीचे बडिगेर मामा

करजगीचे बडिगेर मामा गेले, हे बहुतेक वाचकांना एव्हाना कळलं असेल. मराठी घरांत ते सुतारमामा, कन्नड घरांत बडिगेर मामा. दोन्ही हाकांना ते सारखीच ‘ओ’ देत. खरं नाव काय ते मतदार यादीत होतं. ते छापू नये, असं घरच्यांचं म्हणणं आहे, म्हणून मीही लिहीत नाही.

बाराव्याच्या जेवणाला गेलो होतो. पंगतीत जो तो मामांचा एकेक किस्सा काढत होता आणि पंगत हसत होती. सोलापूरकडून आलेले एक पाहुणे बिचारे अवघडून बसले. आपण बाराव्याला आलोय की बारशाला, असं त्यांना वाटलं असावं. मामी वाढायला उभ्या होत्या. कुणाचे डोळे भरले की त्याच म्हणत, “अळब्याडरी.” आणि पुढचा किस्सा त्याच काढत.

त्यातला ‘मर’चा किस्सा सगळ्यांना पाठ आहे, तरी पुन्हा सांगतो. बार्शीकडची एक नवी सून गावात आली होती. घरच्यांनी चौकटीचं काम सांगितलेलं, म्हणून मामा लाकूड घेऊन गेले आणि दारातूनच ओरडले, “मर तंदीनि!” पोरगी रडत आत पळाली. सासूला म्हणाली, कोण म्हातारा दारात येऊन मला ‘मर’ म्हणतोय. गैरसमज मिटायला अर्धा तास लागला. पुढं कितीतरी वर्षं मामा सांगत, “मराठीत ‘मर’ म्हटलं की माणूस संपतो, कन्नडात ‘मर’ म्हटलं की माझं काम सुरू होतं.” त्या सुनेच्या नातवाचा पाळणाही मामांनीच केला.

काम लवकर मागणाऱ्याला त्यांचं उत्तर ठरलेलं असे, “झाड तीस वर्षं थांबलं, तुला तीन दिवस निघत नाहीत?” पण ही टाळाटाळ नव्हती. बाभळीचं लाकूड नीट वाळलेलं नसेल तर ते हात लावत नसत. गिऱ्हाईक चिडू नये आणि लाकडालाही वेळ मिळावा, म्हणून ते हसवत. मला वाटतं, रंधा, करवत, वाकस यांच्यासारखंच विनोद हेही त्यांचं हत्यार होतं. कामाला बाहेर पडताना तेही बरोबर असायचं.

बैलगाडीचं चाक करताना त्यांना पाहिलं नाही, अशा तरुण वाचकांसाठी थोडं सांगतो. मधला तुंबा बाभळीचा, त्यात बारा आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर वळणाचे सहा तुकडे. कुठं सरस नाही, खिळा नाही. सगळं नुसतं खाचेत बसवलेलं. मग लोहाराची पाळी. लोखंडी धाव चाकापेक्षा जराशी लहानच करायची. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल झाली की फुगते. तेवढ्यात चिमट्यांनी उचलून चाकावर चढवायची आणि घागरीनं पाणी ओतायचं. धूर, वाफ, कडकड असा आवाज! गार होताना धाव आवळते आणि सगळे सांधे घट्ट होतात. मामा बाजूला उभं राहून म्हणत, “लोखंड गार झालं की कवटाळतं. माणसाचं उलटं.” नंतर एकेका आऱ्यावर टिचकी मारून कान लावत. बाराही आऱ्यांचा आवाज सारखा आला तरच चाक घरी जायचं.

पण त्यांची खरी परीक्षा गाडीपेक्षा तिफणीत व्हायची, असं माझं मत आहे. चाड्यात मूठभर ज्वारी सोडली की ती तिन्ही नळ्यांतून सारखी उतरली पाहिजे. एका भोकाचा कल जरा चुकला तर एक ओळ दाट, एक विरळ. गाडीचं दुखणं फार तर बैलाला कळेल. तिफणीचं दुखणं पेरणीपासून सुगीपर्यंत शिवारात उभं राहतं आणि येणारा-जाणारा ते वाचतो. मामांच्या तिफणीची ओळ कुणी नावं ठेवून वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बाराव्या शतकात कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, शरणांमध्ये एक सुतार होते. बाचीकायकद बसवय्या. बाची म्हणजे आपला वाकस. त्यांची वचनं आजही उपलब्ध आहेत, त्यांच्या पत्नी काळव्वे यांचीही आहेत. हे मी एकदा मामांना मोठ्या उत्साहानं सांगितलं, सवयीप्रमाणे जरा लांबवूनच. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “दोघंही लिहायची? मग भांडणंही लिहूनच करत असतील!” मामी आतून म्हणाल्या, “यांना लिहिता येत नाही म्हणून तोंडी करतात.”

17 सप्टेंबर 2023 रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज पाचशे रुपये आणि हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत. योजना चांगलीच आहे. सत्तरी ओलांडलेल्या मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “शिकायचे पाचशे मिळतात? बापानं मला फुकट शिकवून फसवलं की!” मुलगा शहरात प्लायवूडची कामं करतो, चांगली करतो. त्याला दोष द्यायचं कारण नाही. शिवारात ट्रॅक्टर आला, पेरणीयंत्र आलं, घराला लोखंडी दारं आली.

पंगतीत मात्र एक वाक्य वारंवार कानावर आलं, “अशी माणसं आता होत नाहीत.” मला हे पटत नाही. माणसं होतात, त्यांना काम कुणी सांगत नाही. शेवटच्या काही वर्षांत मामांकडं येणारी कामं म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा, पोळपाट, पंचमीच्या जोकालीची फळी. त्यांच्या छपरात बसून आमच्या पिढीला प्रत्येक वस्तूची दोन नावं आपोआप कळली, कूरिगी आणि तिफण, कुंटी आणि कुळव, तोट्टिलु आणि पाळणा. आज माझ्या वर्गातल्या मुलांना यांतलं एकही नाव सांगता येत नाही. ना मराठीत, ना कन्नडात. वस्तूच डोळ्यांसमोर नाही, तर नाव कुठून येणार?

म्हणून एक विनंती. ज्यांच्या घरी मामांच्या हातची गाडी, तिफण, पाळणा, काहीही असेल, त्यांनी ते जळणात घालण्याआधी त्याच्या एकेका भागाचं नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून दोन्ही भाषांत लिहून ठेवावं. माझ्याकडं आणून दिलं तर मुलांकडून एक वही तयार करून घेईन.

दुसरा निरोप मामींचा आहे. मामांचं गिरमिट कुणीतरी उसनं नेलंय. कुणी गिरमिट मागायला आलं की मामा विचारत, “खायचं का भोक पाडायचं?” नेणाऱ्यानं भोक पाडायचं नेलंय. ते परत आणून द्यावं. हत्यारांच्या पेटीत तेवढीच एक जागा रिकामी आहे. खायचं गिरमिट मामी करून घालतील, असं त्यांनी मुद्दाम सांगितलंय.