चरबी हे निमूट कोठार नव्हे

अंगाने भरलेला माणूस खातापिता, सुखवस्तू समजण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. चरबी म्हणजे अडीअडचणीसाठी साठवलेले धान्य, त्यापलीकडे तिला काही काम नाही, अशी वैद्यकशास्त्राचीही दीर्घकाळ समजूत होती. २००९ च्या स्वाइन फ्लूनेही तिला धक्का दिला. दुसरा कोणताही विकार नसलेले स्थूल रुग्णही तेव्हा अत्यवस्थ होऊ लागले. कोविडने त्यावर शिक्कामोर्तबच केले.

पोट सुटलेले असले की श्वासपटल नीट खाली येत नाही, फुप्फुसांचा तळ अपुरा फुगतो, हे कारण उघड आहे. परंतु अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष अधिक चिंताजनक आहेत. कोविडचा विषाणू चरबीच्या पेशींत व त्यांच्यालगत वसणाऱ्या भक्षक पेशींत शिरतो, आणि मग ही चरबीच दाह चेतविणारे स्राव सोडू लागते, असे त्यांना आढळले. कोविडने दगावलेल्यांच्या चरबीतही हा विषाणू सापडला. फ्लूची तऱ्हा निराळी, पण निर्धोक नव्हे. निकाराग्वातील कुटुंबांच्या पाहणीत, लक्षणे असलेल्या स्थूल प्रौढांच्या श्वसनमार्गातून फ्लूचा 'अ' विषाणू इतरांपेक्षा सुमारे ४२ टक्के अधिक काळ बाहेर पडत असल्याचे २०१८ मध्ये दिसून आले. तेव्हा हा प्रश्न स्थूल व्यक्तीपुरता उरत नाही. तो तिच्या घरादाराचाही आहे.

आणि स्थूल कोणास म्हणावयाचे? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपले छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! आपला सडपातळ माणूस वजनकाट्याला असा सहज फसवतो.

सरकारी यंत्रणेला मात्र काटाही नको होता, असे म्हणावे लागते. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या व्याधिग्रस्तांना कोविडची लस देण्यास आरंभ झाला. त्यासाठी केंद्राने केलेल्या वीस व्याधींच्या यादीत स्थूलता नव्हती. ब्रिटनने त्याच सुमारास अतिस्थूलांना अग्रक्रम दिला होता. लशींचा तुटवडा होता, हे आम्हांस मान्य आहे. पण तुटवडा असतो म्हणूनच तर अग्रक्रम ठरवावा लागतो. स्थूलता हा आळशीपणाचा दोष, त्याला औषध कशाला, ही वृत्ती त्या यादीमागे नसेलच असे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील एक तृतीयांशाहून अधिक स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. वजनकाट्यातून निसटलेले त्यात धरलेलेच नाहीत. गोवा सरकारने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात वजनाबरोबर कंबरेचा घेर नोंदविण्याचा आदेश काढावा. त्यास मोजपट्टीहून अधिक खर्च नाही. ज्यांची नोंद चिंताजनक ठरेल, त्यांना फ्लूची लस सरकारी खर्चाने मिळावी. या किनाऱ्यावर फ्लू पावसाळ्यात बळावतो. ती लस मे महिन्यातच टोचली गेली पाहिजे.