एकाच जुडग्यात सगळ्या किल्ल्या

सोसायटीचा चेक वटायला दोन सह्या लागतात. सेक्रेटरी कितीही सज्जन असला तरी खजिनदाराची सही हवीच. यात कुणाला अपमान वाटत नाही. पण हाच नियम सर्टिफिकेट सर्व्हरला लावा म्हटलं की आपली आयटीवाली मंडळी लगेच म्हणतात, "अरे, चार माणसांची टीम, एवढं सोवळं कशाला?"

माझं मत स्पष्ट आहे : सोवळं हवंच. आणि ते पाळायला माउसपेक्षा कमांड लाइन बरी.

उदाहरण घेऊ डॉगटॅगचं. रेड हॅटच्या सर्टिफिकेट सिस्टिमचा पाया हाच, आणि फ्रीआयपीएच्या पोटातही हाच बसलेला असतो. यात कामं ग्रुपप्रमाणे वाटलेली आहेत. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' युजर आणि सेटिंग्ज सांभाळतात, 'सर्टिफिकेट मॅनेजर एजंट्स' अर्ज मंजूर करतात आणि सर्टिफिकेट रद्द करतात, 'ऑडिटर्स' ऑडिट लॉग वाचतात. थोडक्यात सेक्रेटरी, खजिनदार आणि हिशेबतपासनीस.

गंमत पुढे आहे. इन्स्टॉल करताना जो 'सीएअ‍ॅडमिन' तयार होतो, तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटरही असतो आणि एजंटही. सुरुवातीला ते सोयीचं असतं, नाहीतर गाडी हलणारच कशी? पण ही तात्पुरती सोय बऱ्याच ठिकाणी कायमची होऊन बसते. मग एकच माणूस नवा एजंट नेमू शकतो आणि स्वतःच सर्टिफिकेटही देऊ शकतो.

याने काय होतं ते २०११ साली हॉलंडमधल्या डिजिनोटारने जगाला दाखवलं. हल्लेखोरांनी पाचशेहून जास्त खोटी सर्टिफिकेटं काढली. त्यातलं गूगलच्या नावाचं सर्टिफिकेट इराणमधल्या लोकांचं जीमेल वाचायला वापरलं गेलं. चौकशी अहवालात निघालं काय, तर सगळे सीए सर्व्हर एकाच विंडोज डोमेनमध्ये, आणि एका युजरनेम-पासवर्डवर सगळीकडे प्रवेश! त्याच सप्टेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. तिथलं सॉफ्टवेअर वेगळं होतं, पण धडा तोच.

असो. तर करायचं काय?

'पीकेआय' ही कमांड घ्या. 'सीए-ग्रुप-फाइंड'ने ग्रुपांची यादी मिळते, 'सीए-ग्रुप-मेंबर-फाइंड'ने एकेका ग्रुपमधली माणसं. आधी दुसऱ्या माणसाचा युजर बनवा, 'सीए-युजर-सर्ट-अ‍ॅड'ने त्याचं सर्टिफिकेट जोडा, 'सीए-ग्रुप-मेंबर-अ‍ॅड'ने त्याला एजंट करा आणि त्याचं काम चालतंय याची खात्री करून घ्या. मगच 'सीए-ग्रुप-मेंबर-डेल'ने सीएअ‍ॅडमिनला एजंटांतून बाहेर काढा. हा क्रम उलटा करू नका, नाहीतर अर्ज मंजूर करायला कुणीच उरणार नाही :)

दोन सूचना. पासवर्ड कमांडमध्येच लिहू नका, तो शेलच्या हिस्टरीत राहतो. पासवर्डची फाइल देण्याची सोय आहे, ती वापरा. आणि यादीत अनोळखी नाव दिसलं की लगेच उडवू नका. फ्रीआयपीएमध्ये 'आयपीएआरए' नावाचा एक एजंट असतो. तो माणूस नाही, फ्रीआयपीए स्वतः त्याच्यामार्फत सर्टिफिकेटं मागतं. त्याला काढलंत तर नूतनीकरणं अडतील.

एका युजरला एकच भूमिका, असं बंधन घालणारं 'मल्टिरोल्स' नावाचं सेटिंगही आहे. पण ते अडवतं नवा सदस्य घालताना. आधीचा पसारा आपला आपणच आवरायचा.

आता कमांड लाइनच का? कारण खिडक्यांत क्लिक करत कोण कुठल्या ग्रुपमध्ये आहे हे दर महिन्याला कुणी बघत नाही. बघेन म्हणणारा दुसऱ्या महिन्यात विसरतो. कमांडचं उत्तर मात्र फाइलमध्ये साठवता येतं, मागच्या महिन्याच्या फाइलशी ताडता येतं. नोकरी सोडून गेलेला माणूस अजून एजंट आहे, हे एका ओळीत दिसतं. मात्र त्याला नुसतं ग्रुपमधून काढून थांबू नका, त्याचं सर्टिफिकेटही रद्द करा.

"आमचा माणूस विश्वासू आहे" हे उत्तर मला पटत नाही. असेलही. पण त्याचा लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला तो विश्वास आयताच मिळतो. दोन माणसांत वाटलेली किल्ली त्या विश्वासू माणसालाही वाचवते, कारण उद्या काही घडलं तर बोट एकट्या त्याच्याकडेच वळत नाही.

टीम दोघांचीच असली तरी दोन सह्या होतातच की!