मुहूर्ताचा खर्च

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने केली त्याने ह्या दोन्ही गोष्टी निरनिराळ्या वर्षी केल्या असाव्यात. एकाच वर्षी, एकाच मांडवाखाली दोन्ही उरकायच्या म्हणजे काय होते ते पाहायचे असेल, तर जगाच्या क्रीडास्पर्धा भरवणाऱ्या शहराकडे जावे. घर नवे बांधायचे, त्याच घरात कार्य काढायचे, आणि वऱ्हाड म्हणाल तर साऱ्या दुनियेचे!

हा विषय काढायला निमित्त शेजारचे आहे. २०३० सालच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले. २०२५ च्या नोव्हेंबरात ग्लासगो येथे त्यावर शिक्कामोर्तब झाले. २०३६ चे ऑलिंपिकही तिथेच यावे म्हणून खटपट आहे. आनंदाची गोष्ट आहे. शेजारी सनई वाजू लागली म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नव्हे. पण ह्या कार्याला केंद्र सरकारचाही हात लागणार, म्हणजे थोडा खिसा तुमचाआमचाही. तेव्हा वाचकहो, एका जुन्या लग्नघरी डोकावून येऊ.

हे लग्नघर कॅनडात आहे. मॉन्ट्रियल शहर. तिथले महापौर ज्याँ द्रापो हे मोठे हौशी गृहस्थ. १९६७ साली त्यांनी आपल्या शहरात जागतिक प्रदर्शन भरवले. भुयारी रेल्वेसाठी खणलेली माती नदीत टाकून त्यासाठी बेटे वाढवली. पाच कोटी माणसे पाहून गेली. एक कार्य नीट पार पडले की यजमानाच्या अंगात येते. १९७० साली मॉस्को आणि लॉस एंजेलिस यांना मागे सारून द्रापोसाहेबांनी १९७६ चे ऑलिंपिक पटकावले. खर्चाचा आकडा पुढे मांडला तो ३१ कोटी डॉलरांचा. नाणी, तिकिटे आणि सोडत यांतून तो आपोआप निघेल, म्हणाले. तूट येईल का, असे कुणी विचारले तेव्हा त्यांचे उत्तर प्रसिद्धच आहे: पुरुषाला मूल होणे जितके अशक्य तितकीच ऑलिंपिकला तूट येणे अशक्य! आपल्या भाषेत ‘अंदाजपत्रक’ हा शब्द मोठा प्रामाणिक आहे. त्यात ‘अंदाज’ आधी येतो. आपण मात्र नेमके ‘पत्रक’ तेवढे वाचतो.

पॅरिसचे वास्तुशिल्पी रॉजे ताइबेर यांनी क्रीडांगणाचा आराखडा केला. सुंदर होता, यात शंका नाही. एका बाजूला कललेला उंच मनोरा, आणि छत्री मिटावी तसे त्या मनोऱ्यावरून वर ओढून घेता येणारे छप्पर. असे काम पूर्वी कुणी केलेले नव्हते. ते करायचे मात्र ठरल्या दिवशी होते.

सगळी मेख इथे आहे. साधे घर बांधताना गवंड्याने भाव वाढवला, तर आपण म्हणतो, ‘राहू दे बाबा, दिवाळीनंतर बघू.’ सिमेंट महागले तर पावसाळा जाऊ देतो. ‘नंतर बघू’ हे दोन शब्द गरिबाची सर्वांत मोठी शिल्लक आहेत. स्पर्धेचा मुहूर्त ठरला की ती शिल्लक पहिल्याच दिवशी संपते. १७ जुलै १९७६ म्हणजे १७ जुलै १९७६, अठरा नव्हे. ठेकेदाराला ते ठाऊक, माल पुरवणाऱ्याला ठाऊक, मजुरांच्या संघटनेलाही ठाऊक. संप झाले, हिवाळ्यात कामे अडली, आणि शेवटी १९७५ च्या अखेरीस प्रांताच्या सरकारने सारे काम नगरपालिकेच्या हातून काढून घेतले. घाईला पैसा लागतो, आणि नुसता पैसाही लागत नाही; त्या बांधकामावर दहाहून अधिक मजूर दगावले.

वऱ्हाड आले तेव्हा मनोरा अर्धा आणि छप्पर गायब. तरी कार्य रंगले. चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला पैकीच्या पैकी गुण पडले, आणि फलकावर दहाचा आकडा मावेना म्हणून ‘१.००’ झळकले. (आपल्या हॉकीला मात्र तो मांडव मानवला नाही. ऑलिंपिक हॉकी तिथे प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली, आणि १९२८ पासून कधी पदकावाचून न परतलेला आपला संघ सातवा आला.) फलकावर दहा मावेना, तशी खर्चाच्या वहीत शून्ये मावेनात. कर्ज शंभर कोटी डॉलरांच्या घरात गेले.

नुकताच दसरा झाला. आपट्याची पाने देताना घरोघर रघुराजा आणि कौत्साची गोष्ट निघाली असेल. विश्वजित यज्ञात रघूने सर्वस्व वाटून टाकले, पाहुण्याला अर्घ्य द्यायला मातीचे भांडे उरले, आणि मग कुबेराने सोने ओतले. ‘यजमान’ म्हणजे मुळात यज्ञ करणारा; शब्द किती नेमका आहे पाहा. मॉन्ट्रियलच्या रघूला कुबेर भेटला तो निराळाच: सिगारेट ओढणारा! क्वेबेक प्रांताने तंबाखूवर खास कर बसवला आणि कर्जाची शेवटची फेड झाली २००६ च्या नोव्हेंबरात. म्हणजे स्पर्धेच्या वर्षी जन्मलेली मुले तोवर तिशीची झाली होती, आणि त्यांतली जी ओढू लागली ती स्वतः न पाहिलेल्या लग्नाचे बिल भरत होती. क्रीडांगणाला त्याच्या गोल आकारावरून लोक ‘बिग ओ’ म्हणत. इंग्रजीत देणे लागण्यालाही ‘ओ’च म्हणतात, त्या श्लेषाची गंमत तिथल्या लोकांना फार लवकर कळली.

छपराची कथा तर अजून उरलीच. ते १९८७ साली एकदाचे बसले, फाटत राहिले, बदलले, आणि १९९९ च्या जानेवारीत नवे छप्पर बर्फाच्या भाराने फाटून खाली आले. २०२४ साली सरकारने आणखी ८७ कोटी डॉलर छपरासाठी जाहीर केले. पाडूनच का टाकत नाही? तर पाडायला सुमारे दोनशे कोटी लागतील, असे सरकारच म्हणाले!

आणि द्रापो? १९७८ साली लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले. १९८२ सालीही. लग्न थाटात लावणारा माणूस लोकांना आवडतो. मलाही तो पुरता नावडत नाही. शहराला भुयारी रेल्वेचा वाढीव फाटा मिळाला, सायकलशर्यतींच्या इमारतीत पुढे प्राणी-वनस्पतींचे सुंदर संग्रहालय झाले. हे खोटे कसे म्हणावे?

‘हे कॅनडातले झाले,’ असे म्हणाल, तर दिल्ली फार दूर नाही. २००३ साली दिल्लीला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धा मिळाल्या. सात वर्षे हाती होती. महालेखापालांनी २०११ च्या अहवालात लिहिले ते हेच, की आधीची वर्षे वाया घालवली आणि मग निकडीचे कारण सांगून निविदांचे रीतसर नियम बाजूला सारले. स्पर्धेला दोन आठवडे राहिले असता नेहरू क्रीडांगणाजवळचा पादचारी पूल कोसळला, तो त्याच निकडीतला.

सगळेच यजमान बुडतात असे नाही. मॉन्ट्रियलचे हाल पाहून १९८४ साठी लॉस एंजेलिसखेरीज कुणी पुढे येईना. तिथल्या नागरिकांनी १९७८ साली मत देऊन ठरवले, की नगरपालिकेचा पैसा ह्यात घालायचा नाही. मग १९३२ च्या ऑलिंपिकचेच जुने क्रीडांगण झाडूनपुसून घेतले, खेळाडूंना विद्यापीठांच्या वसतिगृहांत उतरवले, आणि वर वीस कोटींहून अधिक डॉलर शिल्लक पडले. ज्याला छप्परच नवे घालायचे नाही, त्याला मुहूर्ताची धास्ती कसली?

अहमदाबादला सव्वा लाखाहून अधिक माणसे बसतील असे मैदान आधीच उभे आहे. ते क्रिकेटचे. बाकीचे उभे राहायचे आहे. मराठी घरांचे व्याही, जावई, भाचे त्या बाजूला पुष्कळ. त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा देताना एवढे विचारून पाहा: नवे काय काय बांधताहेत, त्याच्या निविदा कधी निघणार, आणि २०३१ साली तिथे कोण खेळणार?