पाय आधी, मेंदू मागून

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनला चूक ठरवले. कारण काय, तर माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिले नाही. हे गृहस्थ २०१२ ते २०१४ या काळात मुंबईचे पोलीस आयुक्त होते! खून होताना कुणी पाहिले नाही म्हणून क्रॉफर्ड मार्केटजवळच्या त्या मुख्यालयात कधी तपास बंद झाला काय? हाड, दात, रक्ताचा डाग यांवर आरोपपत्रे उभी राहतात. तोच पुरावा लाखो वर्षांचा झाला की खोटा ठरतो, हे तर्कशास्त्र मंत्र्याला शोभत नाही आणि पोलिसाला तर मुळीच नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी तेव्हा जाहीर निषेध केला, ते योग्यच झाले.

पण माझा खरा राग आपल्या सुशिक्षित मंडळींवर आहे. मी परळला वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवतो. गिरगाव-दादरच्या व्याख्यानांत वर्षानुवर्षे ऐकतो आहे: मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, म्हणजे डार्विनच्या आधी आपल्याला सगळे ठाऊक होते. टाळ्या पडतात. ही जुळवाजुळव पुराणांतली नाही. ती रशियन मादाम ब्लाव्हाट्स्कींच्या ‘आयसिस अनव्हील्ड’ या ग्रंथात आहे आणि तो न्यूयॉर्कला १८७७ साली छापला गेला, डार्विनच्या ग्रंथानंतर तब्बल अठरा वर्षांनी. १८७९ मध्ये बाई मुंबईला आल्या आणि राहिल्या कुठे, तर गिरगाव बॅक रोडवर. तेव्हापासून ही उसनी कल्पना आपण वाडवडिलांची इस्टेट म्हणून मिरवतो. पुराणांत माशातून कासव जन्मत नाही. अवतार येतो तो धर्मरक्षणासाठी. दशावताराला डार्विनच्या प्रमाणपत्राची गरज नाही. असे जोडताना आपण श्रद्धेचा मान राखत नाही आणि विज्ञानाचाही नाही.

आता शाळा. केंद्राच्या एनसीईआरटीने २०२२ मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला. महाराष्ट्राने तो ठेवला, याचे मोल मी जाणतो. पण ठेवले काय? बालभारतीच्या २०१८च्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवाच्या वंशावळीत पहिला मान रामापिथेकसला आहे. शिवालिकच्या टेकड्यांतल्या जबड्याच्या तुकड्यावरून १९३४ साली हे नाव ठेवले गेले. पुढे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर त्याच घराण्यातली चेहऱ्यासकट कवटी मिळाली, १९८२ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि हा प्राणी ओरांगउटानचा भाऊबंद निघाला. मानवाच्या वंशावळीतून त्याला बाहेर पडून चाळीस वर्षे उलटली. लालबागच्या मुलांना मात्र तो आजही पूर्वज म्हणून पाठ करावा लागतो.

त्याहून मोठी चूक क्रमाची आहे. पुस्तक सांगते, आधी कुशल मानव, मग सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी ताठ चालणारा मानव. हाडे नेमके उलटे सांगतात. इथिओपियात हडार येथे १९७४ साली सापडलेली ल्यूसी ३२ लाख वर्षांपूर्वीची. तिचे ओटीपोटाचे हाड आपल्यासारखे आखूड आणि पसरट, मांडीचे हाड गुडघ्याकडे आत झुकलेले, म्हणजे ती दोन पायांवर चालत होती. आणि मेंदू? जेमतेम चिंपांझीएवढा. टांझानियात लेटोलीला राखेत उमटलेली पावले तर सुमारे ३६ लाख वर्षांची आहेत.

माझ्या विद्यार्थ्यांना मी कवटी उलटी करून दाखवतो. मज्जारज्जू ज्या छिद्रातून उतरतो ते माणसात तळाच्या मध्याजवळ असते, चिंपांझीत बरेच मागे. डोके कण्यावर तोलले जाते ते त्यामुळे. दादरच्या फुलबाजारात डोक्यावर करंड्या घेऊन भरभर चालणारी माणसे पाहा, हा तोल डोळ्यांपुढे असतो. त्याची किंमतही आपण मोजतो. आडव्या कण्याला उभे केले, कमरेला बाक आला आणि सगळा भार खालच्या दोन-तीन मणक्यांवर पडला. चकती सरकते ती बहुधा तिथेच. चालण्यासाठी घडलेल्या ओटीपोटातून मोठ्या डोक्याचे मूल बाहेर पडताना त्याला वळावे लागते. परळच्या वाडिया प्रसूतिगृहात प्रत्येक डॉक्टरला हे ठाऊक असते. दहावीच्या मुलीला का सांगायचे नाही?

मेंदू आधी, हा हट्ट जुनाच आहे. त्यापायी ब्रिटिश विद्वानांनी १९१२ मध्ये पिल्टडाउनची बनावट कवटी डोक्यावर घेतली. रेमंड डार्टने १९२५ साली दक्षिण आफ्रिकेतली टाँगची कवटी मांडली, तर त्याला उडवून लावले; तिचा मेंदू लहान होता ना! पिल्टडाउनचे बिंग फुटले १९५३ साली. चाळीस वर्षे वाया गेली.

आपण नेमका तोच क्रम पुन्हा शिकवतो आहोत. प्रश्न पुस्तकावरून निघतो, उत्तरही पुस्तकावरूनच तपासले जाते. त्यामुळे शिक्षकाला खरे माहीत असले तरी त्याचा हात बांधलेला असतो. रामापिथेकस काढा. ताठ चालण्याचा टप्पा मेंदूच्या वाढीआधी न्या. नर्मदाकाठी हथनोरा येथे अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये सापडलेली कवटी पुस्तकात आणा; ती आपल्या शेजारच्या राज्यातली आहे आणि एकाही व्याख्यानात मी तिचे नाव ऐकलेले नाही. एवढी दुरुस्ती पुढच्या छपाईत करता येते. ती करा.